धुऱ्यावरची भातवाली

हिवाळ्यातली संध्याकाळ... वेचणी आटोपून घराकडे निघालेल्या बायांच्या डोक्यावर कापसाची गाठोडी, नाल्याच्या कडेने हळूहळू निळसर होत जाणारा उजेड, आणि त्या उजेडात, जिथे चूल नाही, घर नाही, माणूस नाही, अशा आमच्या शेताच्या धुऱ्यावर नुकत्याच शिजलेल्या भाताचा वास. भगुण्यावरचं झाकण कुणीतरी आत्ताच उचललं आहे आणि वाफ तोंडावर आली आहे, असा तो ओला, गोडसर, ऊबदार वास. मी चालता चालता थांबायची. नाक वर करून हुंगायची. आणि पोटात एकदम अशी भूक उठायची की विचारू नका.

आमचा वऱ्हाड भाकरीचा मुलूख. आता घरोघर कुकरच्या शिट्ट्या वाजतात ते सोडा, पण माझ्या लहानपणी अकोटजवळच्या आमच्या गावात भात म्हणजे सणाचा, पाहुण्यांचा, नाहीतर तापातून उठलेल्या माणसाचा. त्याचा वास आला की गल्लीतल्या पोरांना कळायचं, कुणाकडे काय आहे. आणि इथे तर भर रानात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, तासांच्या पलीकडे, कुणीतरी रोज संध्याकाळी भात शिजवत होतं!

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधली हद्द. बाकी महाराष्ट्र तिला बांध म्हणतो. आमचा धुरा नाल्याला लागून होता, आणि त्याच्यावर झाडांची इतकी दाटी की उन्हाळ्यातही खाली उतरलं की पायांना गार लागायचं. बाभळी होत्या, बोरी होत्या, चैत्रात अंगावर पांढरा चुरा सांडणारे निंब होते, आणि नाल्याच्या वळणावर एक प्रचंड जुनी जांभूळ – तिला आम्ही जांभळी म्हणायचो – बुंध्यावर दोन पुरुष उंचीला काळीभोर ढोली असलेली. झाडांच्या फांद्या एकमेकींत अशा शिरलेल्या असायच्या की गावाच्या निंबावरून निघालेली खार जमिनीला पाय न लावता नाल्यापर्यंत यायची. मी कितीदा खालून तिच्याबरोबर धावले आहे... ती वर, मी खाली, आणि शेवटी नेहमी तीच आधी पोचलेली.

धुऱ्याच्या अलीकडे आमचं शेत, पलीकडे कादरचाचांचं. चाचा आणि माझे बाबा बरोबरीचे; पेरणीला एकाची बैलजोडी कमी पडली तर दुसऱ्याची यायची. चाचांचा मुन्ना माझ्याहून वर्षभराने लहान. त्याला समोरचे दोन दात नव्हते आणि गप्प बसणं ठाऊक नव्हतं. आमची दोघांची शाळा, बोरं, भांडणं, सगळं त्या धुऱ्यावर. आणि तो वास आम्हा दोघांच्या मालकीचा होता.

मुन्नानेच शोध लावला की वास जांभळीतून येतो. मग वर कुणीतरी राहतं, हे उघड होतं. राहतं आणि रांधतं, म्हणजे बाई असणार, हेही उघड होतं. आम्ही तिचं नाव ठेवलं भातवाली. ती दिसायला कशी असेल, ह्यावर आमचे रोज वाद व्हायचे. माझी भातवाली हिरव्या लुगड्यातली, त्याची पांढऱ्या ओढणीतली, त्याच्या खालासारखी, म्हणजे मावशीसारखी. “आज लवकर चढवला वं भातवालीनं,” तो वर बघत म्हणायचा. कधी वास नसला तर काळजीत पडायचा. “बीमार असन काय वं ती?” मग आम्ही जांभळीच्या बुडाशी चार बोरं ठेवून यायचो. दुसऱ्या दिवशी ती नसायची.

बाबांना आम्ही विचारलं तेव्हा ते बैलांच्या गळ्यातली घुंगरं सोडत होते. “भातवाली नाही न् काही नाही. मसन्या असते तो. अंधार पडाच्या आत घरी येत जा,” एवढंच म्हणाले.

मसन्या ऊद. मांजरापेक्षा लांबुडका, काळपट करडा, लांब शेपटीचा, झाडावर राहणारा एक जीव. पुस्तकात त्याला उदमांजर म्हणतात. फळं खातो, किडे खातो, उंदीर मारतो आणि त्याच्या अंगाला चक्क शिजल्या भाताचा वास येतो. पण हे मला फार पुढे कळलं. गावात त्याचं नाव मसणावरून पडलेलं. तो मसणात फिरतो म्हणे. आणि चाचांच्या घरात त्याला म्हणत कबरबिज्जू, म्हणजे कबर उकरणारा. एका निरुपद्रवी फळखाऊ प्राण्यावर दोन भाषांनी मिळून घातलेला आळ होता तो... आणि माझ्या गावात ह्या एका बाबतीत दोन्ही मोहल्ल्यांचं संपूर्ण एकमत होतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मुन्नाला ताप आला. ताप उतरेना. बैलगाडीने अकोट, तिथून अकोला, आणि मग एके दिवशी दुपारी ती गाडी परत आली तेव्हा चाची आत आडवी पडलेली होती आणि गाडीबरोबर चालणारे चाचा कुणाकडेच बघत नव्हते. आमच्या गावचं कब्रस्तान धुऱ्याच्या टोकाशी, नाल्याच्या वरच्या अंगाला. मुन्नाला तिथे ठेवलं. मला नेलं नाही. मी घरात आईच्या पदराखाली बसून होते, आणि मला एवढंच कळत होतं की तो आता जांभळीच्या फार जवळ राहायला गेला आहे.

चारआठ दिवसांत गावात बोभाटा झाला की मुन्नाच्या कबरीची माती उकरली गेली आहे. चाचा रोज संध्याकाळी तिथे जायचे, त्यांनीच पाहिलं. आणि ते उकरलेल्या मातीशी उभे असतानाच म्हणे तो वास आला. भाताचा. मग कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. बिज्जू जांभळीच्या ढोलीत राहतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी मात्र त्या रात्री गोधडीत पडून एक वेगळाच हिशेब मांडला होता: भातवालीला मुन्ना आवडायचा. ती त्याला भात द्यायला गेली असणार. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या दारात आले. खांद्यावर कुऱ्हाड. बाबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आत गेले, आपली कुऱ्हाड घेतली आणि बाहेर पडले. दिवसभर गावात तो आवाज येत होता... ठक्, ठक्, मध्ये थोडा दम, पुन्हा ठक्. जांभळीचं लाकूड चिवट. दिवस कलल्यावर एक लांबलचक कुरकुर आली आणि मग जमिनीतून काहीतरी गेलं, आमच्या पडवीतली भांडी किंचित वाजली. बाबा एकटे परत आले. चाचांनी त्यांना पुढे पाठवलं होतं, स्वतः मागे राहिले होते. बाबांनी हात धुतले, जेवले नाहीत, आणि आईला म्हणाले, “त्याले बसू दे थोडं तिथं.”

एक झाड गेलं की डोळ्यांना मोकळ्या आभाळाची सवय होते. त्यानंतर बाकीची झाडं कुणी रागाने तोडली नाहीत, ती आपोआपच गेली. बाभूळ वखराला लागली, निंब कुणाच्यातरी चौकटीला, बोरी जळणाला. सावलीत पऱ्हाटी खुरटते हे कारण तर हाताशी होतंच. मी नववी-दहावीत असताना धुरा म्हणजे नुसती मातीची रेघ उरली होती. गावाच्या निंबावरची खार आता निंबावरच राहायची. फांदीच्या टोकापर्यंत यायची, पुढे बघायची आणि मागे वळायची. ते वळणं मला बघवायचं नाही. वेचणीवरून घरी येताना नाकाशी फक्त मातीचा आणि पऱ्हाटीच्या वाळल्या पाल्याचा वास असायचा, आणि मी नाक वर करायचं कधी सोडून दिलं, ते आठवत नाही.

लग्न होऊन मी अमरावतीला आले. आमचं चष्म्याचं दुकान आहे. आयुष्य लोकांच्या नाकावर काचा बसवण्यात गेलं. शेती माझा मोठा भाऊ विनायक बघतो. मी त्याला दादा म्हणते आणि तो मला अजूनही कुंदे म्हणून हाक मारतो, गिऱ्हाइकांसमोर फोन आला तरी. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी नाला शेतात घुसायला लागला. दर पावसाळ्यात काठाची काळी माती ढासळायची आणि वाहून जायची. दादाने चाचांना गाठलं: धुऱ्याच्या दोन्ही अंगांना पुन्हा झाडं लावू, मुळं माती धरतील. चाचा म्हणाले, “लाव. माही एकच शर्त हाय. ढोलीवालं झाड ठेवाचं नाही. ज्याले ढोली लागली, ते काढाचं.”

दादाने कबूल केलं. चाचांच्या मनात काय असेल हे गावात कुणालाही सांगायला नको होतं. ज्या जीवाने पोराची कबर उकरली त्याला ह्या माणसाने पुन्हा घर का द्यावं? आणि कोवळ्या झाडांना कुठली आलीय ढोली. दादाने जांभळी लावल्या, उंबर लावले, निंब, करंज, भोकर, जे मिळेल ते लावलं. शेळ्यांशी भांडला, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली, उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी नेलं. शिंदी, म्हणजे रानटी खजूर, मात्र कुणी लावली नाही, ती नाल्यात आपली आपण उगवली. आणि चाचा दरवर्षी दिवाळीनंतर धुऱ्यावरून फिरायचे आणि प्रत्येक झाडाच्या खोडावर तळहात फिरवायचे. पुढे डोळे अधू झाले तरी हे चुकलं नाही. हाताने चाचपत, कुठे काही पोकळ लागतं का बघत.

झाडं वाढली, तसे आधी पक्षी आले. मग एका वर्षी दादाचा फोन, “खार आली वं.” गावाच्या बाजूचा निंब आणि धुऱ्यावरचा पहिला करंज ह्यांच्या फांद्या त्या वर्षी एकमेकींना टेकल्या होत्या, बाकी काही नाही. खारीला तेवढंच हवं होतं. त्यापाठोपाठ वानरं आली, अख्खी टोळी, आणि त्यांनी दादाच्या तुरीच्या शेंगा अशा काही साफ केल्या की दादा काठी घेऊन धावला. पण वानर पडलं मारोतीचं. मग हा काठी खाली टाकून हात जोडून उभा: “मारोतराय, पुरे आता, थोडं कादरचाच्याकडेबी पाहा.” मी हसून हसून बेजार. आणि दुकानात काच घासता घासता मला स्वप्नासारखं दिसायचं... तिकडे, माझ्या नसण्यात, तो हिरवा पूल पुन्हा बांधला जातोय, फांदीला फांदी लागतेय, आणि कुणीतरी त्याच्यावरून एकेक करून घरी येतंय.

गेल्या हिवाळ्यात दादाचा फोन आला तेव्हा तो कुजबुजत होता. “कुंदे, तुही भातवाली आली.”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. नाल्यातल्या दगडावर त्याला बोरांच्या आणि शिंदीच्या बियांची विष्ठा दिसत होती कितीतरी दिवस. आता त्याने प्रत्यक्षच पाहिलं होतं: दिवसा शिंदीच्या झापांच्या बेचक्यात मसन्या ऊद झोपलेला. त्याला ढोलीसुद्धा लागली नाही. “चाच्याले समजलं नाही पाहिजे,” दादा म्हणाला. “अर्धा धुरा त्यायचा हाय. तोडा म्हनले तं मी काय तोंडानं नाही म्हणू? त्यायचं पोरगं गेलं हाय.”

आणि माझ्यासमोर टेबलावर, मखमली कापडात गुंडाळलेला, कादरचाचांचा नवा चष्मा होता. अकोल्याला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला होता आणि मी हौसेने सांगितलं होतं, चष्मा माझ्याकडून.

मी पोचले तेव्हा दादाने कपाळाला हात लावला. “आताच काहून आनला वं? महिनाभर थांबलं असतं तं काय बिघडलं असतं?” पण तोवर चाचा आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. मी चष्मा त्यांच्या कानांवर बसवला. त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. “काय वं बेटी, तूबी बुढी झाली,” म्हणाले. मग काठी उचलली. “चाल, झाडं पाहू. इतले दिवस हातानं पाह्यली.” दादा चहा म्हणाला, ऊन म्हणाला, तुमच्या पायाला त्रास होईल म्हणाला. चाचा पायऱ्या उतरलेसुद्धा होते.

दुपार टळत होती. तुरीवर पिवळं ऊन पडलं होतं आणि धुऱ्याच्या आत शिरल्यावर ते ऊन बारीक होऊन अंगावर हलायला लागलं. चाचा प्रत्येक झाडापाशी थांबत होते, मान वर करून टोकापर्यंत बघत होते आणि हसत होते. दादा माझ्या मागे, मी चाचांच्या मागे. नाल्याच्या वळणाशी एक जांभूळ आहे, दादाच्या हातची. वादळात तिची एक जाड फांदी मोडली होती आणि ती जागा कुजायला लागली होती. कुजलं की ढोली होते. म्हणून दादाने तिथे शेणामातीचं लिंपण करून ठेवलं होतं, घरच्या भिंतीला करतात तसं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. आणि त्या जांभळीला लागूनच ती शिंदी... तिच्यात, झापांच्या बुडाशी, काळपट करड्या केसांचा एक ढीग, आणि खाली लोंबणारी लांब शेपटी.

चाचा थांबले.

“वानराचं पिल्लू असन ते,” दादा घाईघाईने म्हणाला.

“विनायक,” चाचा वर बघत म्हणाले, “डोये नवे हायेत माहे. नाक जुनंच हाय. दोन हिवाळे झाले, मले वास येऊन राह्यला.”

दादाने विचारलं, “मंग बोलले काहून नाही?”

“तू काहून नाही बोलला?”

“तुमी तोडाले सांगसान म्हणून.”

चाचा नाल्याच्या काठावर बसले. काठी आडवी मांडीवर घेतली. वर ते जनावर झोपलेलं होतं. झोपेत त्याचा श्वास चाललेला दिसत होता. “तुमच्या बाबानं अन् म्या जांभयी पाडली ना,” ते म्हणाले, “त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुन्नाकडे गेलतो. माती पुन्हा उकरली होती. कोल्ह्याचे पाय होते, ओल्या मातीत साफ उमटलेले.” ते थांबले. “ह्यानं काही केलं नोहतं. पन झाड तं पडलं होतं.”

मला वाटलं, संपलं. पण ते पुढे बोलले, चष्मा काढून हातात घेऊन.

“अन् ढोलीत पिल्लं होती. डोये उघडले नोहते अजून. खोड आपटलं, त्यात गेली. तुमच्या बाबाले म्या घरी पाठवून देल्लं, त्याले दिसू देल्ली नाहीत. माह्या दुखात कुऱ्हाड घेऊन आलता तो, त्याले काहून सांगू? तिथंच, मुन्नाच्या बाजूले, हातानं माती काढली म्या...”

बाबा ही गोष्ट न कळताच गेले, ह्याचं मला बरं वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं. आणि मुन्ना इतकी वर्षं एकटा नव्हता, हे मनात आल्यावर मला रडू आवरेना. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा.

“म्हणून ती शर्त,” दादा हळूच म्हणाला.

“ढोली असली का माय त्यात पिल्लं ठेवते. अन् मानसाचं काही खरं नाही, बापा. कोनाच्या घरी काय होईन, कोन कुऱ्हाड घेऊन येईन... म्हनून म्हनलं, ढोलीच नको.” ते काठी टेकत उठले, जांभळीपाशी गेले आणि त्या लिंपणावर तळहात ठेवला. “हे कोनं केलं रे? माह्या घरची चूलबी कोनी इतली चांगली लिंपली नाही.”

दादा कानापर्यंत लाल झाला. चाचांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि नखांनी ते लिंपण काढायला सुरुवात केली. वाळलेल्या शेणामातीचे पोपडे त्यांच्या पायांवर पडत होते. आत लाकूड काळं पडलं होतं, ओलसर होतं. त्यांनी त्यात बोट घालून पाहिलं, पेरभर गेलं. “राहू दे हिले,” म्हणाले. “येऊ दे आता ढोली.”

ह्या पावसाळ्यात चाचा गेले. त्यांचा जावई अकोल्याहून शेत बघायला आला, तेव्हा त्याने विचारलं की हे कुजकं झाड अजून का ठेवलं आहे. दादा म्हणाला, चाच्याची शर्त होती, ढोलीवालं झाड तोडाचं नाही. जावयाने मान डोलावली आणि पुढचं झाड बघायला गेला.

मी त्या दिवशी तिथेच होते. जावई लांब गेल्यावर मी दादाला विचारलं, एवढ्याशा भोकाची ढोली व्हायला, आत एखादी माय पिल्लं घेऊन निजेल एवढी व्हायला, किती वर्षं लागत असतील. त्याने जांभळीकडे पाहिलं, मग आपल्या हातांवरच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे पाहिलं.

“आपल्याले नाही दिसत ते, कुंदे,” तो म्हणाला, आणि झाडाच्या बुडाशी वाढलेलं गवत उपटायला खाली बसला.